गोल्फचा खेळ सुधारायचा कसा : होलपासून सुरुवात करून मागे येण्याची पद्धत

प्रशिक्षकांकडे मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझा स्विंग, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याची ढब, पाहण्याआधी त्यांनी माझा हातमोजा मागून घेतला. डाव्या हाताचा तो मोजा करंगळीखालच्या गादीपाशी झिजून त्याला चांगले बोटभर भोक पडले होते. "क्लब तुम्ही बोटांत धरत नाही, तळहातात धरता. म्हणून प्रत्येक फटक्याला तो हातात सरकतो," असे ते म्हणाले आणि तो संपूर्ण तास केवळ पकडीवर गेला. दोन वर्षे रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉलची बकेटमागून बकेट रिकामी करून आणि रात्री व्हिडिओ पाहून मी ज्या दोषाचा शोध घेत होतो, त्याची खूण माझ्याच हातावर होती. चुकीच्या पकडीने मारलेल्या हजारो फटक्यांनी ती पकड मात्र पक्की करून ठेवली होती.

म्हणूनच पुढील क्रम मी आग्रहाने मांडतो आहे : आधी स्वतःच्या खेळाची मोजणी, मग जाणकाराकडून एका वेळी एकाच गोष्टीची दुरुस्ती, आणि सराव करताना होलच्या जवळून सुरुवात करून हळूहळू टीपर्यंत, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेपर्यंत, मागे येणे. सर्व सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत; डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचाव्यात.

पहिली पायरी : वहीत मोजणी

तीन फेऱ्या नेहमीसारख्याच खेळा, फक्त स्कोअरकार्डाच्या कडेला प्रत्येक होलसाठी तीन आकडे लिहा : पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल घरंगळवत मारलेले फटके) किती लागले, पेनल्टी (दंडाचे फटके) किती झाल्या, आणि ग्रीनपासून 30 यार्डांच्या आत आल्यानंतर बॉल होलमध्ये जाईपर्यंत एकूण किती फटके गेले. माझ्या अशा एका फेरीत 104 फटक्यांपैकी 41 पट होते आणि 7 पेनल्टी होत्या. त्या दिवशी घरी जाताना मी तक्रार करत होतो ती ड्रायव्हरची, म्हणजे लांबच्या पहिल्या फटक्याच्या क्लबची. पार 72 चा (अठरा होलच्या फेरीत अपेक्षित धरलेल्या फटक्यांचा) हिशेबच मुळी प्रत्येक होलला दोन, म्हणजे एकूण 36 पट धरून केलेला असतो, हे लक्षात घेतले तर सरावाचा निम्मा वेळ कोठे जायला हवा हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी पायरी : प्रशिक्षक निवडणे आणि शिकवणीचा उपयोग करून घेणे

आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न नॅशनल गोल्फ अकादमी प्रशिक्षकांना श्रेणीनुसार प्रमाणपत्र देते. ते आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पैसे भरण्यापूर्वी त्यांची एखादी शिकवणी दुरून पाहावी. चांगला प्रशिक्षक आधी दहा-बारा फटके काही न बोलता पाहतो, बॉल कोठून निघाला आणि कोणीकडे वळला हे लक्षात घेतो, आणि तो तसा का वळला हे साध्या शब्दांत सांगतो. एका तासात पाच दुरुस्त्या सांगणाऱ्याकडे न गेलेले बरे.

हे 'का' समजणे फार उपयोगाचे असते. उदाहरणार्थ, बहुतेक नवशिक्यांना छळणारा स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडे वळत जाणारा फटका, घ्या. बॉल कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः फटक्याच्या क्षणी क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग) कोणीकडे पाहतो आहे यावर ठरते, आणि तो हवेत कोणीकडे वळणार हे क्लबच्या मार्गाच्या तुलनेत फेस उघडा (उजवीकडे वळलेला) आहे की बंद (डावीकडे वळलेला), यावर ठरते. मार्गाच्या मानाने फेस उघडा राहिला की बॉल उजवीकडे वळतो. आता खेळाडू काय करतो? बॉल उजवीकडे जातो म्हणून तो आणखी डावीकडे रोख धरून उभा राहतो, त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो, मार्ग आणि फेस यांतील अंतर वाढते आणि वळण अधिकच तीव्र होते. स्वतःच्या बुद्धीने केलेला उपाय दोष वाढवतो तो असा. हे चक्र बाहेरचा डोळाच तोडू शकतो.

शिकवणीला जाताना मोजणीची वही सोबत न्यावी, पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असल्यास आधीच सांगावे, आणि आठवड्यात सरावाला प्रत्यक्षात किती वेळ मिळतो तेही खरे सांगावे. शेवटी प्रशिक्षकांच्या परवानगीने फोनवर दोन बाजूंनी चित्रण करून घ्यावे : एक समोरून आणि एक लक्ष्यरेषेच्या मागून, हातांच्या उंचीवर. त्याच दिवशी, विसरण्यापूर्वी, काय बदलायचे आहे ते एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. पुढची शिकवणी दोन-तीन आठवड्यांनीच ठेवावी आणि तोवर दुसऱ्या कोणाचा सल्ला घेऊ नये, मग तो सल्ला कितीही जवळच्या मित्राचा असो.

तिसरी पायरी : घरी करण्याचे काम

पकड आणि उभे राहणे या दोन गोष्टींना बॉल लागत नाही. क्लबची मूठ डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी तिरकी बसली पाहिजे. वरून पाहिल्यावर त्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन ते तीन सांधे दिसले, म्हणजे पकड साधारण ठीक आहे. मूठ आवळू नये. मनगटे मोकळी राहतील इतपतच दाब असावा. रोज पाच मिनिटे क्लब हातात घ्यावा, सोडावा, पुन्हा घ्यावा. नवी पकड पहिले आठ-दहा दिवस अवघडल्यासारखी वाटते. तिथे धीर सोडून जुन्या पकडीवर परतणारे फार आहेत.

चौथी पायरी : ग्रीनवर आणि ग्रीनच्या कडेला

सर्वाधिक वेळ येथेच द्यायचा आहे. होलचा व्यास 108 मिलिमीटर आणि बॉलचा किमान व्यास 42.67 मिलिमीटर, म्हणजे होल अडीच बॉल रुंद असतो. दहा फुटांवरून फेसची दिशा एका अंशाने चुकली, तरी बॉल मध्यापासून सुमारे दोन इंच सरकून होलच्या काठापर्यंत जातो. म्हणून जवळच्या पटसाठी दिशा आणि दूरच्या पटसाठी वेग, असे दोन वेगळे सराव करावेत.

दिशेसाठी, सपाट जागी होलपासून तीन फुटांवर बॉल ठेवावा. पटरच्या (पट मारण्याच्या क्लबच्या) टोकाला आणि टाचेला जेमतेम बोटभर जागा सुटेल अशा बेताने दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) जमिनीत खोचाव्यात आणि टींना धक्का न लावता बॉल होलमध्ये घालवावा. सलग वीस जाईपर्यंत जागा सोडायची नाही. अठराव्याला चुकला तर पुन्हा एकपासून. अठराव्या बॉलवर हाताला जो ताण जाणवतो, तोच सामन्यात जाणवतो. घरी सतरंजीवर फुलपात्र आडवे ठेवूनही हा सराव होतो, आणि फुलपात्राचे तोंड होलपेक्षा लहान असल्याने कोर्सवरचा होल मग मोठा वाटू लागतो.

वेगासाठी होलचा विचारच करू नये. ग्रीनच्या एका कडेपासून पंधरा, पंचवीस आणि पस्तीस फुटांवर टी खोचून, प्रत्येक अंतरावर एकच बॉल, असा क्रम बदलत पट करावा. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील खेळाडूंचेही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट होलमध्ये जातात आणि वीस फुटांवरून सातांत एखादा. तेव्हा पस्तीस फुटांवरून आपले काम होलमध्ये घालवण्याचे नसून दुसरा पट सोपा ठेवण्याचे आहे. उष्ण प्रदेशातील ग्रीनवर गवताच्या पात्यांचा कल हाही एक घटक असतो : गवत चकाकताना दिसले तर बॉल कलाच्या दिशेने धावतो, गर्द दिसले तर कलाच्या विरुद्ध जातो आणि लवकर थांबतो.

चिप म्हणजे ग्रीनच्या कडेवरून मारलेला छोटा, उडता फटका. त्यासाठी पाय जवळ घ्यावेत, वजन पुढच्या, म्हणजे डाव्या पायावर ठेवावे आणि ते शेवटपर्यंत तेथेच राहू द्यावे. होलकडे नव्हे, बॉल जिथे टेकवायचा आहे त्या जागेकडे पाहायला शिकणे हा चिपचा अर्धा अभ्यास आहे. ग्रीनवर एक पाऊल आत नॅपकिन पसरावा आणि बॉल त्यावर टाकण्याचा सराव करावा. तोच नॅपकिन ठेवून सँड वेज, पिचिंग वेज आणि 7 आयर्न (तिरकेपणा उतरत जाणारे तीन क्लब) यांनी पाच-पाच बॉल मारले, की कोणता क्लब बॉलला किती धाववतो हे डोळ्यांनीच कळते. सँड वेजने हवेतले अंतर आणि जमिनीवरचे अंतर साधारण सारखे पडते, तर 7 आयर्नने बॉल हवेत जातो त्याच्या कितीतरी पट जमिनीवर धावतो.

कोलकात्याचे एस. एस. पी. चौरसिया यांचे उदाहरण मला येथे नेहमी आठवते. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर वडील ग्रीनकीपर, आणि तेथेच मुलगा खेळ शिकला. लांब फटक्यांसाठी ते कधीच ओळखले गेले नाहीत. चिप आणि पट यांवरील हुकमतीमुळे सहकाऱ्यांनी त्यांचे नावच 'चिपपटसिया' करून टाकले. त्याच खेळावर त्यांनी 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली.

बंकरबद्दल, म्हणजे वाळूच्या खड्ड्याबद्दल, थोडक्यात : सरावाच्या बंकरमध्ये वाळूवर एक रेघ ओढावी, बॉल न ठेवता स्विंग करावा आणि क्लब रेघेवरच वाळूत शिरतो का ते पाहावे. ते जमल्यावर बॉल रेघेच्या पुढे दोन इंचांवर ठेवावा. प्रत्यक्ष खेळात मात्र फटक्यापूर्वी बॉलच्या मागच्या वाळूला क्लब टेकवला तर दंड बसतो, हे विसरू नये.

पाचवी पायरी : रेंजवर

रेंजवर शंभर बॉल अर्ध्या तासात संपवणारे अनेक दिसतात. तो व्यायाम होतो, सराव होत नाही. पन्नास बॉल घ्यावेत आणि त्यांना तास द्यावा. दोन काठ्या जमिनीवर रेल्वेच्या रुळांप्रमाणे समांतर ठेवाव्यात : बाहेरची लक्ष्याकडे, आतली पायांच्या टोकांशी. लक्ष्य म्हणून मैदानातील एखादे झाड किंवा झेंडा नक्की करावा.

पहिले वीस बॉल प्रशिक्षकांनी सांगितलेल्या एकाच गोष्टीसाठी, अर्ध्या वेगाने, लहान क्लबने. या वेळी बॉल कोठे गेला याचा हिशेब ठेवू नये. आयर्नसाठी एक खूण तपासत राहावी : क्लबने आधी बॉल आणि नंतर जमीन घेतली पाहिजे, म्हणजे डिव्हट (क्लबने जमिनीत पडलेला चर) बॉलच्या पुढे सुरू झाला पाहिजे. बॉल वर उचलण्याचे काम क्लबच्या तिरकेपणाचे आहे; आपण तो खालून उचलू पाहिला, की क्लब आधी मातीत जातो. रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर ही चूक लपते, कारण क्लब मॅटवरून घसरून बॉलपर्यंत पोहोचतो आणि फटका चांगला बसल्यासारखा वाटतो. त्यासाठी बॉलच्या मागे सहा इंचांवर घडी केलेला टॉवेल ठेवावा. टॉवेल हलला तर फटका उशिरा नव्हे, लवकर जमिनीला लागला.

उरलेले तीस बॉल खेळल्यासारखे मारावेत. ओळखीच्या कोर्सचा पहिला होल डोळ्यांसमोर आणावा, ड्रायव्हर मारावा, मग त्या होलला पुढे लागेल तो आयर्न, मग वेज. सलग दोन फटके एकाच क्लबने मारू नयेत आणि प्रत्येक फटक्याआधी मागे जाऊन लक्ष्य पाहूनच उभे राहावे. असा सराव करताना फटके अधिक चुकतात, रेंजवरचे समाधानही कमी मिळते, पण कोर्सवर बॉल एकदाच मारायला मिळतो आणि शरीराला त्याचीच सवय हवी असते.

सहावी पायरी : कोर्सवर

खेळताना स्विंगचा विचार एकापेक्षा अधिक करू नये. शिकवणीचे वाक्य फटक्याआधी एकदा मनात म्हणावे आणि मग फक्त लक्ष्य पाहावे. कॅडीला (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) विचारावे, रोज त्याच ग्रीनवर चालणारा मनुष्य उतार आपल्यापेक्षा चांगला ओळखतो, आणि "साहेब, उजवा काठ धरा" एवढ्या चार शब्दांत एक पट वाचतो. पावसाळ्यात दख्खनच्या पठारावरील कोर्सवर बॉल पडतो तेथेच रुततो, ड्राइव्ह धावत नाही आणि ग्रीन मंदावतात. त्या महिन्यांतील स्कोअरवरून स्वतःची अधोगती ठरवू नये. मात्र चिप हवेतून जरा लांब टाकण्याचा सराव तेव्हाच उत्तम होतो.

हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा (कमी तितका चांगला), अवश्य घ्यावा. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांची सरासरी धरली जाते आणि त्याची कमाल मर्यादा 54 आहे, त्यामुळे नवशिक्यानेही संकोचण्याचे कारण नाही.

आठवड्याला चार तास मिळत असतील, तर दोन तास ग्रीनवर आणि ग्रीनच्या कडेला, एक तास रेंजवर आणि उरलेला तास संध्याकाळी कोर्सवर काही होल खेळण्यासाठी ठेवावा. सहा आठवड्यांनी तीन फेऱ्यांची मोजणी पुन्हा त्याच तीन आकड्यांत करावी. माझे पट तेवढ्या काळात 41 वरून 36 वर आले होते, पेनल्टी मात्र एकानेही कमी झाल्या नव्हत्या. पुढच्या शिकवणीला मी वही उघडून तेच पान प्रशिक्षकांपुढे ठेवले, आणि ड्रायव्हर पहिल्यांदा पिशवीतून बाहेर निघाला तो त्या दिवशी.