भिंतीवरचा जगाचा नकाशा कुठं कुठं फुगलाय, ते घरच्या घरी कसं तपासायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं नकाशा समोर आला की आपली माणसं आधी बॉर्डर कुठनं गेलीय तेच बघतात, ते काय चुकीचं नाही, पण आज जरा वेगळ्या भांडणाचं बोलूया. स्टेशनरीच्या दुकानात लॅमिनेशन केलेला जगाचा नकाशा मिळतो ना, शाळेत फळ्याशेजारी टांगलेला असतो तो, त्यात बऱ्याचदा वरचे देश लई फुगलेले असतात. ग्रीनलँड बघा, जवळजवळ आफ्रिकेएवढा दिसतो. खरं क्षेत्रफळ साधारण २१.७ लाख चौरस किलोमीटर, आणि आफ्रिका ३ कोटीच्या वर, म्हणजे आफ्रिकेत असले चौदा ग्रीनलँड बसतात. अहो आपला भारतच त्याच्या दीडपट आहे की.

आता दोन्ही बाजू खूश होतील असं उदाहरण देतो. महाराष्ट्र ३.०८ लाख चौरस किलोमीटर आणि अख्खं ब्रिटन, उत्तर आयर्लंड धरून, २.४४ लाख. पण नकाशात ब्रिटन महाराष्ट्राच्या दुप्पट दिसतं. आणि कर्नाटक १.९२ लाख, आइसलँड १.०३ लाख, तरी नकाशात आइसलँड कर्नाटकाच्या जवळपास तिप्पट! दोघांवर सारखाच अन्याय, इथं तरी वाद नको.

सगळेच नकाशे असे नसतात, म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या भिंतीवर कुठला आहे ते ओळखायचं. पट्टी घ्या. विषुववृत्त ते ३० अंशाची आडवी रेषा हे अंतर मोजा, मग ३० ते ६० अंश मोजा, दोन्हीत अंश तेवढेच आहेत हे लक्षात ठेवा. पहिलं १० सेंटीमीटर आलं आणि दुसरं १४ च्या आसपास आलं तर तो मर्केटर नावाच्या माणसानं काढलेल्या पद्धतीचा नकाशा, आणि ६० ते ८० चं अंतर मोजलं तर ते २० अंशातच २० सेंटीमीटरच्या वर जातं, मग वरचे देश फुगणार नाहीत तर काय होणार. १२ च्या आसपास आलं तर त्याच वळणाचा पण जरा आवरलेला नकाशा. दोन्ही जवळजवळ सारखी आली आणि नकाशाच्या डाव्या-उजव्या कडा बाहेरच्या बाजूला गोलावल्या असल्या तर बहुतेक रॉबिन्सन पद्धतीचा. आणि दुसरं अंतर ७ सेंटीमीटरच्या जवळ आलं तर तो गॉल-पीटर्स, त्यात क्षेत्रफळ बरोबर असतं पण आकार बिघडतो.

मर्केटर निघाला तर किती फुगवलंय ते मोबाईलवर काढता येतं. कॅल्क्युलेटर उघडा, मोबाईल आडवा धरा, कॉस चं बटण दिसेल. आधी कॉस ६० करून बघा, उत्तर ०.५ यायला पाहिजे. उणे ०.९५ असं काहीतरी आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, तो डिग्रीवर घ्या, दहावी-बारावीची पोरं पण इथंच फसतात. मग ज्या देशाचं बघायचंय त्याच्या मध्यातला अक्षांश घ्या, त्याचा कॉस काढा आणि त्याचा वर्ग करा, नकाशात दिसतंय त्याला त्यानं गुणलं की विषुववृत्ताच्या मापानं खरा आकार आला. ब्रिटन साधारण ५४ अंशावर, कॉस ०.५९, वर्ग ०.३५, म्हणजे दिसतंय त्याच्या तिसरा हिस्साच खरा. ग्रीनलँड ७२ अंशावर धरा, वर्ग ०.०९५ येतो, दहावा हिस्सा पण नाही. आपलं बेळगाव १५.८५ अंशावर, वर्ग ०.९३, म्हणजे आपल्याकडं फुगवटा जेमतेम ८ टक्के. हे गणित फक्त मर्केटरला लागू, दुसऱ्या नकाशाला लावू नका.

गणित नको असेल तर पृथ्वीगोल आणि दोरा. गोलावर काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत दोरा ताणा, दोन्हीकडं नखानं धरा, आणि तोच दोरा ग्रीनलँडवर उभा ठेवा. दोरा उरतो! भारत उत्तर-दक्षिण ३२१४ किलोमीटर आणि ग्रीनलँड साधारण २६७०. आफ्रिका तर ८००० च्या घरात. पोरांना हे फार आवडतं, त्यापेक्षा पुढं जायचं असलं तर पातळ पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा गोलावर चिकटवून बसवा, मार्करनं ग्रीनलँड गिरवा आणि तो तुकडा तसाच सरकवत आफ्रिकेवर न्या, कोपऱ्यात कुठंतरी पडून राहतो बिचारा.

मोबाईलमधल्या गूगल मॅपवरही दिसतं. बेळगावचं रेल्वे स्टेशन दिसेल एवढं झूम करा, खालच्या कोपऱ्यातली स्केलची रेघ बघा, मग झूम तेवढाच ठेवून आइसलँडची राजधानी रेकयाविक बघा. तेवढ्याच लांबीत तिथं इथल्या निम्म्याहून कमी अंतर मावतं. कॉम्प्युटरवर पूर्ण झूम आऊट केलं की २०१८ पासून गूगल गोलच दाखवतं, त्यामुळं तिथं हा घोळ कमी झालाय.

आता व्हॉट्सअॅपवर फिरतंय की इंग्रजांनी मुद्दाम आपला देश छोटा दाखवला. थांबा की जरा. मर्केटर हा फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा माणूस, त्यानं हा नकाशा १५६९ साली काढला, ईस्ट इंडिया कंपनीच १६०० ची. त्याला जहाजवाल्यांची सोय बघायची होती, होकायंत्राची एक दिशा धरून चालत राहिलं तर ती वाट नकाशावर सरळ रेष दिसावी. त्यासाठी कोन बरोबर ठेवले आणि क्षेत्रफळावर पाणी सोडलं. ऑनलाईन मॅपलाही त्याचाच उपयोग होतो, चौकातला काटकोन काटकोनच दिसतो. तोच नकाशा नंतर वर्गात टांगला गेला, तिथं मात्र तो चुकीच्या कामाला लागला असं माझं मत. बाकी सपाट नकाशा काढायचा म्हणजे फाटका फुटबॉल पाटावर दाबून बसवण्यासारखं, कुठं ताणणार नाहीतर कुठं फाटणार, आणि जर्मन गणिती गाउसनं १८२७ मध्ये गणितानंच दाखवून दिलंय की यातून सुटका नाही.

मग टांगायचा कुठला? गॉल-पीटर्स मला आवडत नाही, आफ्रिका ओढून लांबट केल्यासारखी दिसते. २०१८ मध्ये आलेला इक्वल अर्थ नावाचा नकाशा घ्या, क्षेत्रफळ बरोबर आणि आकारही डोळ्याला बरे. फुकट डाऊनलोड होतो, फाईल मोठ्या रिझोल्यूशनची घ्या आणि फ्लेक्सवाल्याकडं नेऊन चार बाय दोन फुटात काढा, चकाकणारं लॅमिनेशन नको, ट्यूबलाईट पडली की अर्धा आशिया दिसत नाही. शाळेसाठी काढत असाल तर प्रिंटला देण्याआधी भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून घ्या, परदेशी फाईलीत काश्मीर आणि अरुणाचलच्या रेषा बऱ्याचदा वेगळ्या असतात.