परदेशी राहून गाडीवरचा कर्जबोजा उतरवताना

मी मस्कतला नोकरीला असल्याने, ऐरोलीतल्या आमच्या एमएच-४३ गाडीचे कर्ज फिटूनही आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचे नाव तसेच राहिले होते. सुट्टीत आल्यावर पहिल्याच दिवशी बँकेकडून ना-हरकत पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढण्यासाठीचा फॉर्म ३५ मागून घेतला. या फॉर्मवर मालकाची आणि बँकेची, अशा दोन्ही सह्या लागतात. आमच्या प्रतीवर बँकेचा शिक्का पुसट उमटला होता, चासी क्रमांकाचे शेवटचे आकडेही वाचता येत नव्हते. म्हणून काउंटर सोडण्याआधीच दुसरी प्रत करून घेतली. विमा आणि पीयूसी चालू होते, त्यामुळे आरटीओतले काम विनासायास झाले. विमा पॉलिसीवरचे बँकेचे नाव मात्र आपोआप जात नाही. नवी आरसी दाखवून विमा कंपनीकडून ते वेगळे काढून घ्यावे लागते.