कॅसिनो बोनसमधून पैसे सुटतात का? आधी वही काढा, मग बघू

आमच्या इंदूरच्या रामबागेतला एक पोरगा भंवरकुआंला कोचिंग करतो. परवा पोह्याच्या गाडीवर भेटला अन् मोबाईल पुढे करून म्हणाला, दादा हे बघ, १०,००० टाकले की १०,००० वरून देऊन राहिलेत, फुकटच झाले ना. मला हसूच आलं, कारण २०२२-२३ ला मी मँचेस्टरला शिकायला होतो तेव्हा मलाही अगदी असंच वाटलं होतं. तिथे ते कायदेशीर आहे, अन् मी सात महिने एक्सेल शीट ठेवून बोनस मारले, म्हणून हिशोब कसा लावायचा ते सांगतो. इथे भारतात करायचं की नाही ते खाली येईलच, पण आधी गणित, कारण अर्धी लोकं गणितातच गळतात.

तर बोनस किती मोठा आहे ते बघायचंच नाही. खाली बारीक अक्षरात रोलओव्हर नाहीतर वेजरिंग लिहिलेलं असतं, तो आकडा शोधायचा. ३५ पट लिहिलंय म्हणजे काय, तर १०,००० च्या बोनसवर ३,५०,००० चे डाव लावल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. आता स्लॉट मशीन, म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवायची ती, साधारण ९६ टक्के परत देते असं धरा, म्हणजे लावलेल्या दर १०० मागे सरासरी ४ रुपये घराचे, म्हणजे कॅसिनोचे. ३,५०,००० चे ४ टक्के झाले १४,०००. मिळाले १०,०००, जाणार १४,०००. झालं, संपला विषय.

त्या पोराच्या ऑफरमध्ये तर ४० पट होतं, अन् तेही डिपॉझिट अधिक बोनस दोन्हीवर. म्हणजे २०,००० गुणिले ४०, आठ लाख! त्याचे ४ टक्के ३२,०००. मी त्याला गाडीवरच्या कागदावर मांडून दाखवलं तर म्हणतो, पण माझ्याकडे एवढे आहेतच कुठे हरायला? बरोबर बोलला पोरगा, अन् हाच मुद्दा लोकांना कळत नाही. खात्यात २०,००० च आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा आठ लाख पूर्ण व्हायच्या खूप आधीच खातं साफ होतं. आपले स्वतःचे १०,००० च जातात, पण जातात.

यातूनच बोनसवाल्यांची एक जुनी युक्ती निघालीये. हरायची हद्द ठरलेली असेल तर मुद्दाम अशी मशीन निवडायची जी दहात आठ-नऊ वेळा बुडवेल पण एकदा मोठं देईल, मग त्या एका वेळी उरलेलं वेजरिंग आरामात पार पडतं. कागदावर हे खरंच चालतं. पण कॅसिनोवाले काही कालचे नाहीत, त्यांनी दोन कुलपं आधीच लावून ठेवलीयेत. एक म्हणजे मॅक्स बेट, बोनस चालू असताना एका स्पिनला, म्हणजे मशीनच्या एका फेरीला, ५ पौंडाच्या वर लावायचं नाही वगैरे, अन् चुकून एकदा जरी लावलं तरी सगळी जिंकलेली रक्कम जप्त. दुसरं मॅक्स कॅशआऊट, म्हणजे कितीही जिंका, बोनसच्या पाच-दहा पटीच्या वर काढता येणार नाही. ही दोन कलमं वाचल्याशिवाय युक्तीबिक्ती काढू नका.

मग डोकेबाज माणूस म्हणतो, स्लॉट सोडा, ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ खेळू, तिथे नीट बेसिक स्ट्रॅटेजीने, म्हणजे कुठल्या पत्त्यांवर काय करायचं त्या ठरलेल्या तक्त्याने खेळलं अन् टेबलचे नियम चांगले असले तर घराचा हिस्सा अर्धा टक्काच. मीही म्हणलो होतो. पण ब्लॅकजॅक बहुतेक ठिकाणी १० टक्केच मोजतात, म्हणजे १०० चा डाव लावला तर वेजरिंगमध्ये १० च चढतात. ३,५०,००० भरायला ३५ लाखांचे डाव लागले, त्याचा अर्धा टक्का १७,५००. स्लॉटपेक्षा महाग पडलं! रूलेटवर लाल अन् काळं दोन्ही लावून वेजरिंग भरायची आयडिया पण सोडून द्या, एक तर शून्य आला की बरेचदा दोन्ही जातात, अन् दुसरं म्हणजे त्याला ते अनियमित खेळ म्हणतात अन् त्यावरून खातंच बंद करतात.

मशीनच्या आतलं माहितीचं पान पण उघडून बघायचं. एकच गेम ९६ वाला पण असतो अन् ९४ वाला पण, चित्रं-गाणी सगळी तीच, कुठला लावायचा ते कॅसिनो ठरवतं. ४ चे ६ झाले की वरचं सगळं गणित दीडपट वाईट.

आता जिथे गणित खरंच आपल्या बाजूने होतं असं माझ्या शीटमधलं एक सांगतो. ५० पौंड टाका, ५० बोनस, १० पट फक्त बोनसवर. म्हणजे ५०० चे डाव, ४ टक्के २० पौंड गेले, ३० सुटले. २० पेन्सच्या स्पिनने २,५०० स्पिन. तिथे २०२१ च्या ऑक्टोबरपासून ऑटोप्ले बंद अन् एका स्पिनला कमीत कमी अडीच सेकंद असा नियम आहे, म्हणजे पावणेदोन तास नुसता अंगठा दाबत बसायचं. अन् ते ३० पौंड सरासरी बरं का, प्रत्यक्षात साठ-सत्तर इकडे किंवा तिकडे अगदी सहज होतं. माझ्या पहिल्या पाचातले चार मायनसमध्ये गेले होते, मनाला कितीही समजावलं तरी तिसऱ्या दिवशी रात्री दोनला मी भरपाई म्हणून विनाबोनसचा खेळत बसलो होतो, अन् तो तोटा शीटमध्ये लिहिलाच नाही. हा खरा खड्डा आहे. स्पिन वाढवून तोटा भरायचा नाही, वेजरिंग पूर्ण झालं की त्याच क्षणी पैसे काढायचे, अन् शीटमध्ये सगळं लिहायचं, लाज वाटली तरी.

सगळ्यात चांगली निघायची ती लहान ऑफर, विनावेजरिंगचे फ्री स्पिन. १० पेन्सचे ५० स्पिन म्हणजे सरासरी ४ पौंड ८०. दिसायला काहीच नाही, पण जे आलं ते आपलं. आता तर २०२६ च्या जानेवारीपासून तिथल्या गॅम्बलिंग कमिशनने, म्हणजे जुगारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, १० पटीच्या वर अट लावायलाच मनाई केलीये.

एक किस्सा. आम्ही चार देशी पोरं एकाच घरात राहायचो, चौघांनीही एकाच साईटवर खाती उघडली, कारण मीच सांगितलं होतं. एका घराला एकच बोनस हे कलम मी वाचलं होतं, पण म्हणलं आपण वेगवेगळी माणसं आहोत ना. चौथ्याने पैसे काढायला अर्ज टाकला तेव्हा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा सगळं मागितलं अन् पत्ता, वायफाय सारखं बघून चारही खाती बंद, आपले टाकलेले परत, जिंकलेलं शून्य. दोन आठवडे घरात माझ्याशी कोणी धड बोललं नाही. म्हणून केवायसी पहिल्या दिवशीच करून घ्यायची, जिंकल्यावर नाही. अन् भावाच्या, वहिनीच्या, आजीच्या नावावर खातं उघडायची अक्कल लढवायची नाही, ती सरळ फसवणूक होते.

सात महिन्यांचं माझं निव्वळ किती सुटलं, तर ४०० पौंडाच्या आसपास, त्यात न लिहिलेला तोटा वजा केला तर आणखी कमी. तासावर भागलं तर वेअरहाऊसच्या शिफ्टला जास्त मिळायचे. वर चांगल्या ऑफर घेणाऱ्याला साईट पुढे बोनस देणंच बंद करते.

आता इंदूरची गोष्ट. तिथलं गणित इथे लावायला जागाच नाहीये भिया. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद अन् १ कोटीपर्यंत दंड, बँकांना असे व्यवहार करायला मनाई. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही हे खरं, पण म्हणजे आता जे बोनस दाखवतायत ते कोण? बाहेरच्या देशातल्या साईटी, नाहीतर व्हॉट्सॲपवर आयडी वाटणारे. तक्रार करायला कोणी कमिशन नाही. अन् जिंकलातच तर निव्वळ जिंकलेल्यावर सरळ ३० टक्के टॅक्स अन् वर सेस, दुसरीकडचा तोटा त्यात वजा होत नाही. ३० टक्के काढून ठेवल्यावर चांगल्या बोनसमधलंही बरंच कमी उरतं, मी मांडून बघितलंय.

त्या पोराच्या मोबाईलवर डिपॉझिटचं बटण दाबलं तर क्यूआर आला कुठल्यातरी किराणा दुकानाच्या नावाचा. दहा मिनिटांनी परत दाबलं, दुसरंच नाव. ही भाड्याची खाती असतात. तिकडून तुमच्या खात्यात पैसे आले अन् ते खातं कुठल्या सायबर केसमध्ये निघालं तर तुमचं खातं गोठतं, मग घरून आलेली कोचिंगची फी पण त्यातच अडकते.

अन् कोणाचे आधीच अडकले असतील तर एवढं करा. पैसे सोडवायला आधी टॅक्स भरा, व्हेरिफिकेशनचे भरा असं सांगतील, एक रुपया भरायचा नाही, खरा टॅक्स असा क्यूआरवर मागत नाहीत. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, त्यावर फोन लावा, जितक्या लवकर तितकं चांगलं, अन् बँकेला लेखी कळवा. खेळणं सुटत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ आहे, फुकट आहे, कोणाला कळत नाही. अन् चॅट, क्यूआर, खात्यातला बॅलन्स सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, ती साईट उद्या दुसऱ्या नावाने उघडलेली असते.