'कडू आहे' म्हणजे नक्की काय?

"बिअर कडूच असते, मला नको," असं माझी नणंद कित्येक वर्षं म्हणत आली. त्याच टेबलावर बसलेले माझे धाकटे दीर म्हणायचे, "वहिनी, ह्यात काही दमच नाही. पाणी घातलंय की काय?" चुलतभाऊ मेन्यूतल्या सगळ्यात विचित्र नावावर बोट ठेवायचा, दोन घोट घ्यायचा आणि ग्लास गुपचूप माझ्याकडे सरकवायचा. बिल आलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: ह्या क्राफ्ट बिअरमध्ये लोकांना एवढं काय सापडतं?

मला सापडलं होतं, पण दुसऱ्याला शोधून देता येत नव्हतं. मी करायचे काय, तर मला आवडलेली बिअर त्यांच्यापुढे ठेवायचे आणि "घेऊन तर बघा" म्हणत त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. असं कुणी टक लावून बघत असेल तर कुणालाच काही आवडत नाही. पुढे रीत बदलली. शहरातल्या ब्रूअऱ्या फिरताना तुमच्या सोबतही अशीच निरनिराळ्या जिभांची मंडळी असतील, तर ती इथे सांगून ठेवते.

आधी तक्रार नीट ऐका

'तुला कुठली बिअर आवडते?' हा प्रश्न बाद. ज्याला आवडत नाही तो काय सांगणार? 'काय आवडत नाही' हे विचारा, आणि उत्तर 'कडू' आलं की तिथेच थांबू नका. माझ्या अनुभवात ह्या एका शब्दाच्या पोटात निदान पाच तक्रारी असतात.

पहिला खरा कडूपणा, हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या फुलांचा. घोट गिळल्यावरही तो मागे रेंगाळतो. दुसरा जळकट, खूप भाजलेल्या माल्टचा (मोड आणून सुकवलेलं धान्य, बहुधा जव), कोऱ्या कॉफीच्या जातीचा. तिसरा खरं तर तुरटपणा. तोंड सुकतं, जीभ टाळूला चिकटल्यासारखी होते. चौथी अल्कोहोलची चरचर, घशात ऊब उतरते ती. आणि पाचवी तक्रार म्हणजे बिअरच बिघडलेली असते आणि बिचाऱ्या माणसाला वाटतं, बिअर अशीच लागते.

नणंदेला मी विचारलं, "कोरी कॉफी घेतेस ना, बिनसाखरेची?" घेते. "डार्क चॉकलेट?" आवडतं. मग कडूपणाशी तिचं वैर नव्हतंच. तिला हॉप्सचा पाल्यासारखा, रेंगाळणारा कडूपणा नको होता. तिच्यासाठी स्टाउटचा, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरचा, छोटा ग्लास मागवला. तो बघूनच ती मागे सरकली. "एवढी काळी? ही डोक्यात जाईल."

हा गैरसमज इतका पक्का असतो की सोबत आकडे असलेले बरे. गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट, पण अल्कोहोल ४.२ टक्के. ड्यूव्हेल ही बेल्जियन बिअर सोनेरी, दिसायला अगदी निष्पाप, आणि ८.५ टक्के. काळा रंग येतो तो थोड्याशा करपवून भाजलेल्या जवामुळे. अल्कोहोल किती होणार हे यीस्टला आंबवायला साखर किती मिळाली ह्यावर ठरतं. रंगाचा आणि चढण्याचा संबंध नाही.

शिवाय तो स्टाउट नायट्रोजनवर ओतलेला होता. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे जिभेला टोचतात. नायट्रोजनचे बारीक असतात, फेस सायीसारखा बसतो आणि घोट मऊ लागतो. नणंदेने वरचा फेस ओठाने बाजूला सारला, एक घोट घेतला, मग काही न बोलता दुसरा. "ही तर थंड कॉफीच आहे की गं," एवढंच म्हणाली. ग्लास मात्र परत सरकवला नाही.

उलट कॉफी, चॉकलेट, ग्रेपफ्रूट, कुठलंच कडू चालत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला गव्हाच्या बिअरकडे न्या. बव्हेरियन पद्धतीच्या हेफेवाइझेनला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. दोन्ही यीस्टची करामत. लवंग सोसत नसेल तर बेल्जियन विटबिअर बघा, त्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. दोन्हींत हॉप्स नावापुरते.

आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्स भरपूर घातलेली बिअर) म्हटलं की हात वर करणाऱ्यांसाठी एक आडवाट आहे. हॉप्स माल्टच्या उकळत्या रसात जितके जास्त शिजतात तितका कडूपणा उतरतो. तेच हॉप्स अगदी शेवटी किंवा रस थंड झाल्यावर टाकले, तर वास भरपूर येतो आणि कडूपणा बेताचा राहतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधून पसरलेली गढूळ, 'हेझी' आयपीए ह्याच युक्तीवर उभी आहे. आंब्या-अननसासारखा वास आणि दाट, मऊ घोट. मात्र हॉप्सचा मारा फार झाला असेल तर घशाशी एक खरखर राहते. तिसऱ्या तक्रारीवाल्याला ही देऊ नका.

एक जाणीव मात्र हवी: समोरचा नाटक करत नसतो. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाचा रसायनतज्ज्ञ ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हाताळत होता. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, केवढी कडू आहे! फॉक्सला काहीच लागली नव्हती. पुढे कळलं की हा फरक जन्मजात असतो, घराण्यातून येतो. हॉप्सचा कडूपणा जिभेवरच्या वेगळ्या रिसेप्टरांमधून कळतो, त्यामुळे पीटीसीचा हिशोब इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण 'एवढी काही कडू नाहीये' हे वाक्य मी तेव्हापासून सोडून दिलं. समोरच्याच्या जिभेवर ती असेलही.

आणि कडू बिअरमध्ये सरबत ओतून ती गोड करू नका. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. (बर्लिनमध्ये बर्लिनर वाइसमध्ये फळांचं सिरप घालतात, पण ती बिअर आंबट असते. आंबटाला गोड जुळतं.)

'दम' म्हणजे काय हेही विचारा

दिरांच्या बाबतीत मी एकदा तोंडावर आपटले. दम नाही म्हणतात ना, मग घ्या, म्हणून आठ टक्क्यांची डबल आयपीए दिली. "वहिनी, हे औषध आहे." मग विचारल्यावर कळलं, त्यांना भरीवपणा हवा होता, तोंडात काहीतरी आहे असं वाटायला हवं होतं. ते माल्टचं काम. त्यांना डॉपेलबॉक दिली: गडद, पावाच्या भाजलेल्या कडेसारखी, किंचित गोडसर. म्युनिकच्या मठातल्या भिक्षूंपासून चालत आलेला हा प्रकार, आणि नावाच्या शेवटी 'आटोर' असलं की तो ओळखता येतो. साधारण सात टक्क्यांच्या पुढेच असते, म्हणून छोटा ग्लास. आता फळ्यावर नाव दिसलं की ते स्वतःच मागवतात.

फळ्यावरच्या आकड्यांचं म्हणाल तर एबीव्ही, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, जरूर बघा. आयबीयू, म्हणजे कडूपणाचं माप, बघा पण त्यावर विसंबू नका. गव्हाच्या बिअरचा आयबीयू साधारण ८ ते १५, अमेरिकन आयपीएचा ४० ते ७०, हे ठीक. पण चाळीस आयबीयूची पिल्सनर (फिकट, सोनेरी बिअर) आणि चाळीसचीच गोडसर स्टाउट शेजारी ठेवली, तर पिल्सनर जास्त कडू लागते. गोडवा कडूपणाला झाकतो आणि तो आकड्यात दिसत नाही.

मागवायचं कसं

पहिल्याच फेरीला पूर्ण ग्लास नको. बहुतेक ब्रूअऱ्यांमध्ये छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो. चार पुरेत, सहाव्या ग्लासानंतर जीभ नुसती हो-हो म्हणते. क्रम असा: फिकट आणि हलकी आधी, मग माल्टची, मग भाजलेली, आणि हॉप्सवाली किंवा आंबट सगळ्यात शेवटी. आयपीएने सुरुवात केलीत तर नंतरची गव्हाची बिअर खरंच पाण्यासारखी लागेल. मध्ये मध्ये साधं पाणी. आणि गडद, जड बिअर बर्फगार आली तर दहा मिनिटं तशीच ठेवा किंवा तळव्यांत धरा. थंडीने जीभ बधिर होते, आणि बारा अंशांच्या आसपास तीच बिअर बोलायला लागते. लॅगर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली, बहुधा फिकट बिअर, मात्र थंडच बरी.

चुलतभावासारखी नावं बघून मागवणारी मंडळी असतील तर भांडू नका. जर्मनीतल्या बामबर्गची राउखबिअर असते, धुरावर सुकवलेल्या माल्टची. गोझं असते, मीठ घातलेली आंबट. एक छोटा ग्लास, सगळ्यांनी मिळून. त्यांचं समाधान होतं आणि बिअर वाया जात नाही.

ब्रूअरी कशी जोखायची

मी कुठल्याही नव्या ठिकाणी आधी सगळ्यात साधी लॅगर मागवते. 'मी आपला साधी लॅगरवाला' म्हणून कानकोंडं होणाऱ्या मित्रांना मुद्दाम सांगते: करायला तीच सगळ्यात अवघड. आयपीएत हॉप्सखाली, स्टाउटमध्ये भाजक्या चवीखाली चुका लपतात. लॅगरमध्ये लपायला जागा नाही. पिल्सेन ह्या आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या शहराच्या लोकांनी १८३८ मध्ये बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली, स्वतःची नवी ब्रूअरी काढली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल ह्या ब्रूअरला बोलावलं. त्याने १८४२ मध्ये केलेली सोनेरी लॅगर म्हणजे पहिली पिल्सनर. जगभर जी 'साधी' म्हणून पितात तिची सुरुवात ग्राहकांच्या संतापात झाली.

बिघाड ओळखायला वास पुरतो. लॅगरला लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही, किंवा नळ्या घाण आहेत. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे रस नीट उकळलेला नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर हवा लागून शिळी झालीये. मागणी नसताना आंबट, व्हिनेगरसारखी, तर जंतू. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर बिअर निर्दोष, ग्लास नीट धुतलेला नाही.

एका ठिकाणी मला लोण्याची लॅगर मिळाली. सांगितलं, तर वाढणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमची अशीच असते." वाद घातला नाही, दुसऱ्या नळाची बिअर मागितली आणि शांतपणे विचारलं, हा पिंप कधी लावला? ह्या प्रश्नाने बऱ्याचदा काम होतं, कारण उत्तर द्यायला कुणीतरी आतून बाहेर येतं. त्या दिवशी ब्रूअर स्वतः आला, ग्लास नाकाशी नेला आणि काही न बोलता बदलून दिला. असं विचारायचं तर कामाच्या दिवशी दुपारी जा. शनिवारी रात्री कुणाला वेळ असतो?

बिअरला गुण देणाऱ्या ॲपवरच्या गुणांकांवर मी फार जात नाही. तिथे वरच्या जागा जड स्टाउट आणि हॉप्सने ओथंबलेल्या आयपीए अडवून बसलेल्या असतात; नेटकी लॅगर बिचारी तळाला. त्यापेक्षा स्वतःची वही बरी. बिअरचं नाव, टक्के, तारीख, आणि कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत. 'छान' लिहू नका, दोन महिन्यांनी त्याचा अर्थ लागत नाही.

गाडी कोण चालवणार हे पहिल्या ग्लासाआधी ठरवा आणि वही त्याच्या हातात द्या. तो पीत नसतो, त्यामुळे अक्षर शेवटपर्यंत लागतं. माझ्या वहीत दिरांच्या हातची एक नोंद आहे: 'तिसरा ग्लास. ताई म्हणते कडू. चौथा ग्लास. ताई काहीच म्हणत नाही. ग्लास रिकामा.'