फोर बाय फोर घ्यायच्या आधी एक पावसाळा वही ठेवा

भाचा ठाण्यात मानपाड्याला राहतो, त्याचं ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला. मे महिन्यात त्याचा फोन आला. "मावशी, तुझ्यासारखी फोर बाय फोर घेतोय. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी जीव नकोसा झालाय."

मी विचारलं, खड्ड्यांचा आणि फोर बाय फोरचा संबंध काय? तर म्हणाला, "म्हणजे काय, चारही चाकं चालतात ना!"

अरे, चारही चाकं रिक्षा सोडून सगळ्यांचीच चालतात. इंजिनाचा जोर त्यातल्या किती चाकांपर्यंत पोचतो, एवढाच प्रश्न असतो. फोर बाय फोरमध्ये तो चारही चाकांपर्यंत पोचतो. आणि तो जोर चारांना वाटायची गरज कधी पडते? चाक जागच्या जागी फिरायला लागतं तेव्हा. खड्ड्यात चाक फिरत नाही, आपटतं.

आता ही बाई स्वतः महिंद्राची फोर बाय फोर थार चालवते आणि दुसऱ्याला नको म्हणते, असं वाटू नये म्हणून सांगते. आमची मुरबाडजवळ, सरळगावच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे दीड एकर भातशेती आहे. डांबरी रस्ता सोडला की शेवटचे आठशे मीटर निव्वळ चिकण माती. लावणीच्या दिवसांत आमची जुनी छोटी गाडी तिथे दोनदा रुतली आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. तिसऱ्या वेळी ट्रॅक्टरवाल्याच्या चेहऱ्याकडे बघवलं नसतं. २०२१ मध्ये थार घेतली. तेव्हा ती फोर बाय फोरच मिळायची. फक्त मागच्या चाकांवर चालणारी जानेवारी २०२३ मध्ये आली.

बँकेत बत्तीस वर्षं काढल्यामुळे लिहून ठेवायची खोड आहे. ग्लव्हबॉक्समध्ये वही असते. डिझेल किती, किलोमीटर किती आणि फोर बाय फोरचा लिव्हर कधी टाकला, ते सगळं तिच्यात. देखभालीसाठी टाकते ते सोडून अडतीस हजार किलोमीटरमध्ये तो २३ वेळा टाकला. त्यातल्या १२ नोंदींपुढे लिहिलंय 'पाहुण्यांना दाखवायला'. दोन वेळा मी उगाच घाबरले होते. उरलेल्या नऊ खऱ्या गरजेच्या, आणि नऊच्या नऊ त्याच आठशे मीटरवर. ठाणे शहरात एकही नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, बुकिंग दिवाळीत कर. जून ते सप्टेंबर आहे त्या गाडीत वही ठेव आणि तीन रकाने आख: फिरलं, घासलं, बुडालं. तुम्हीही हेच करा. शोरूममधल्या माणसाला विचारण्यापेक्षा हे बरं. त्याला तुमचा रस्ता माहीत नसतो.

'फिरलं' म्हणजे चाक जागच्या जागी फिरलं आणि गाडी हलली नाही. फक्त याच रकान्यासाठी फोर बाय फोर असते. चढावर सिग्नलला गाडी मागे सरकली, तर ती नोंद इथे नाही. गायमुखच्या घाटात ट्रकच्या मागे थांबत थांबत चढताना जे लागतं ते हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय, आणि ते हल्ली साध्या गाड्यांतही येतं.

'घासलं' म्हणजे स्पीडब्रेकरला, खड्ड्याला किंवा मेट्रोच्या कामापाशी वरखाली झालेल्या डांबराला गाडीचा तळ लागला. याला उपाय उंची. वॅगन आरचा तळ जमिनीपासून १६५ मिलिमीटर वर आहे, माझ्या थारचा २२६. पण ही उंची काही फोर बाय फोरची मक्तेदारी नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कितीतरी उंच गाड्या बाजारात आहेत.

'बुडालं' म्हणजे पाणी. वंदना सिनेमाचा परिसर, विटाव्याचा रेल्वे पूल, ठाणेकरांना जागा सांगायला नकोत. पाण्यात महत्त्वाचं असतं ते इंजिन हवा कुठल्या उंचीवरून ओढतं. हवेच्या जागी पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही आणि इंजिनाच्या आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही चाकांना जोर असला तरी यात काडीचा फरक पडत नाही. पुढच्या गाडीच्या चाकाचा मध्य पाण्याखाली गेलेला दिसला, तर मी वळते. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. आणि विमा काढताना इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण घेतलंय का ते बघा. नेहमीच्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत.

आता एक गोष्ट, जी विकणारे क्वचितच सांगतात. टेस्ट ड्राइव्हच्या आधी विचारा, जोर पुढच्या चाकांना जातो की मागच्या? छोट्या गाड्यांत इंजिनाचं वजन पुढे असतं आणि जोरही पुढच्याच चाकांना, त्यामुळे चाकं जमीन धरतात. मागच्या चाकांवर चालणारी उंच, दणकट गाडी रिकामी असेल तर तिची मागची बाजू हलकी पडते. कासारवडवलीला एका लग्नाच्या मैदानात ओल्या गवतावर अशीच एक गाडी अडकली. शेजारून आमच्या व्याह्यांची जुनी हॅचबॅक आरामात निघून गेली. शेवटी मागच्या सीटवर चार पोरं बसवली तेव्हा मोठी गाडी हलली. दिसायला एसयूव्ही पण फोर बाय टू, म्हणजे जोर दोनच चाकांना, अशी घेणार असाल, तर हे डोक्यात ठेवा.

आणि ब्रेक! ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. ओल्या उतारावर फोर बाय फोर एक इंचही लवकर थांबत नाही, उलट वजन जास्त. तिथे टायर कामाला येतात. कायद्याने खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल लागतात. मी तीनवर आल्या की बदलते, तेही जूनच्या आधी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. नव्या म्हणून घेतलेल्या टायरचंही हे जन्मसाल वाचा. त्याशिवाय गाडीत ईएसपी असेल तर घसरताना ती एकेका चाकाला स्वतः ब्रेक लावते. ऐरोलीला जाऊन येणाऱ्या माणसाला मी पैसे इथे घालायला सांगेन. एकाच गाडीच्या फोर बाय टू आणि फोर बाय फोर मॉडेलमध्ये लाख-दोन लाखांचा फरक सहज पडतो. त्यात चांगल्या टायरचे कितीतरी सेट येतात.

तरीही घेणार असाल, तर माझी एक फजिती ऐका. पहिल्याच पावसाळ्यात शेतावरून निघताना लिव्हर 'फोर एच'वरून (जोर चार चाकांना) परत 'टू एच'वर (जोर दोनच चाकांना) आणायला विसरले आणि मुरबाडपर्यंत कोरड्या डांबरावरून तशीच आले. पेट्रोल पंपावर वळताना गाडी जड लागली, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. मला वाटलं, पंक्चर. मेकॅनिकने खाली वाकून न बघता आधी लिव्हरच बघितला. झालं असं, की वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. फोर एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेला असतो, त्यामुळे तो फरक जायला जागा नसते. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो, कोरड्या डांबरावर तो गिअरांवर येतो. थार, मारुतीची जिम्नी या अशा लिव्हरच्या गाड्या. मारुतीच्याच ग्रँड विटाराच्या ऑलग्रिपसारख्या यंत्रणा जोर आपोआप मागे पाठवतात, तिथे ही भानगड नाही. पण त्यात हळू चालून जास्त जोर देणारा 'लो' गिअर नसतो, म्हणजे माझ्या आठशे मीटरवर त्यांचं काम अर्धंच.

बाकी देखभाल थोडक्यात: ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) आणि दोन डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांचं) तेल वेळेवर, चारही टायर एकाच मापाचे, आणि लिव्हर महिन्यातून एकदा मातीवर टाकायचा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो अडकून बसतो.

सप्टेंबरच्या शेवटी भाच्याने वहीचा फोटो पाठवला. फिरलं शून्य, घासलं अकरा, बुडालं दोन. चौथा रकाना त्याने स्वतःच्या मनाने आखला होता: 'माजिवड्याला उभा', म्हणजे तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. त्यात नोंदी इतक्या, की मी मोजल्या नाहीत. म्हणून आता तो ऑटोमॅटिक गिअरची गाडी बघतोय. रविवारी मात्र त्याला मित्रांबरोबर शेतावर जायचंय आणि थार हवी आहे. किल्ली देते म्हटलं. लिव्हर टाकलास तर वहीत कारण लिही, आणि 'मित्रांना दाखवायला' असेल तर तेच लिही.