सोलरचं रिबेट हवंय? आधी अर्ज, मग पॅनल
घरावर सोलर बसवायचं असेल तर इन्स्टॉलरला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी वीज कंपनीचे रिबेटचे (म्हणजे सोलरच्या खर्चावर मिळणाऱ्या सवलतीचे) नियम नीट वाचा, कारण बऱ्याच स्कीममध्ये मंजुरी आधी घ्यावी लागते आणि पॅनल बसवून मग अर्ज केला तर तो सरळ रिजेक्ट होतो. फंडही ठरलेला असतो, संपला की अर्ज घेणं बंद. लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर ते आधी बदलून घ्या, फाइल तिथेच अडकते.

रिबेट बहुतेक वेळा किलोवॅटवर मिळतं. आता ४०० वॅटचे ८ पॅनल म्हणजे ३.२ किलोवॅट झाले पण इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) ३ किलोवॅटचाच असला तर कंपनी कुठला आकडा धरणार हे विचाराच, पैशात फरक पडतो. कोटेशनवर पॅनल-इन्व्हर्टरचं मॉडेल लिहून घ्या आणि स्कीमच्या मंजूर यादीत आहे का ते स्वतः बघा, 'सगळं चालतं हो' असं तोंडी सांगितलेलं धरू नका. रिबेट तुमच्या खात्यात येणार की इन्स्टॉलर बिलातून वजा करणार हेही लेखीच हवं.

नेट मीटरचा (कंपनीकडून घेतलेली आणि तिला परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज बऱ्याचदा वेगळा असतो बरं का. आणि पॅनल वर चढवण्याआधी त्यांच्या मागच्या बाजूच्या सिरियल नंबरचे फोटो काढून ठेवा, तपासणीत लागले तर नंतर ते दिसत नाहीत.