छोट्या हॉलसाठी साउंडबार आणि सबवूफर: आधी जागा ठरवा, मग मॉडेल

टीव्ही घेतल्यावर महिन्याभरात घरात साउंडबारचा विषय निघतोच. टीव्ही इतके चपटे झालेत की त्यांच्या स्पीकरला जागाच उरलेली नाही, त्यामुळे ‘संवाद कळत नाहीत’ ही तक्रार खरी असते. मग दुकानात गेलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, ‘जेवढे वॉट जास्त तेवढं चांगलं’. दुसरं, सबवूफरबद्दल, म्हणजे फक्त खर्जातले आवाज काढणाऱ्या वेगळ्या स्पीकरबद्दल: ‘सबवूफर कुठेही ठेवा, त्याच्या आवाजाला दिशा नसते’. या दुसऱ्या वाक्याने लोकांच्या हॉलमधल्या आवाजाची पार वाट लावली आहे.

पुढचं सगळं मी दहा बाय सोळा फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या हॉलबद्दल लिहितोय. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये असतो तसा. टीव्ही लांब भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकलेला सोफा, एका टोकाला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या टोकाला पॅसेज.

मापं घ्या

बार टीव्हीपेक्षा लांब नको, रिमोटचा सेन्सर झाकेल इतका उंच नको. वायरलेस सबवूफरलाही विजेची वायर लागतेच, तेव्हा हॉलमधले सगळे प्लग पॉइंट कागदावर मांडून ठेवा, पुढे लागतील.

बार निवडा

3.1 घ्या. यातले तीन म्हणजे डावा, उजवा आणि मधला स्पीकर. पॉइंट वन म्हणजे सबवूफर. सिनेमा-मालिकांच्या 5.1 (पाच स्पीकर, एक सबवूफर) साउंडट्रॅकमध्ये संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरच्या वाट्याला असतात, आणि तो स्पीकर वेगळा असला की फक्त संवाद वाढवता येतात. आपल्याकडे पंखा पाचवर फिरत असतो, त्याच्या घरघरीत शब्दांची टोकं बुडतात, म्हणून ही सोय फार मोलाची आहे. एसी शोरूममध्ये डेमो ऐकून हे कधीच कळत नाही. तिथे दुकानदाराला मारामारीचा प्रसंग बंद करून बातम्या लावायला सांगा.

त्याच पैशात मागचे दोन स्पीकर देणारे 5.1 संच मिळतात. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर मागचे स्पीकर ठेवणार कुठे? कानाच्या शेजारी टांगलेला स्पीकर सतत स्वतःकडेच लक्ष ओढतो. डॉल्बी ॲटमॉस म्हणजे वरूनही आवाज येतोय असं भासवणारी पद्धत; तिचे आकाशाकडे तोंड केलेले स्पीकर छतावरून आवाज परतवतात. त्यासाठी छत सपाट हवं. पीओपीचं पायऱ्यापायऱ्यांचं फॉल्स सीलिंग असेल तर ॲटमॉससाठी पैसे घालू नका.

वॉटबद्दल एवढंच लक्षात ठेवा: वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. खोक्यावर 600 लिहिलेला बार 300 वाल्याच्या दुप्पट वाजत नाही, आणि आठ-नऊ फुटांवर बसणाऱ्याला त्यातले थोडेच वॉट लागतात. विचारायचंच असेल तर आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारे वॉट, विचारा.

जोडणी एचडीएमआय आर्क किंवा ईआर्कनेच करा, म्हणजे टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणाऱ्या, तसं नाव लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधून. ऑप्टिकल केबलमधून ॲटमॉस येत नाही, आणि बहुतेक वेळा टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाजही हलत नाही.

सबवूफर साडेसहा इंची पुरे, फार तर आठ. त्याची लेव्हल रिमोटवरून वेगळी कमी-जास्त होते का, हे मात्र नक्की बघा. ती सोय नसेल तर तो बार कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पुढच्या टप्प्यात सगळं त्यावरच अवलंबून आहे.

सबवूफरची जागा शोधा

या टप्प्याने मला सर्वांत जास्त दमवलंय. इथे एक संध्याकाळ द्या. घाईने काही हाती लागत नाही.

आधी खोलीचं गणित. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जातला एक ठरावीक सूर अडकून घुमतो. तो काढायला 563 ला त्या भिंतींमधल्या फुटांनी भागायचं. सोळा फुटांना येतात 35 हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा), दहा फुटांना 56, साडेनऊ फूट उंचीला 59. शेवटचे दोन आकडे पाहा. 56 आणि 59 अगदी शेजारी, म्हणजे या हॉलमध्ये त्या पट्ट्यातलं जे काही वाजेल, ढोल असो, गाडीचं इंजिन असो, ते बाकीच्यापेक्षा फुगून येणार. कंपनी बदलून हे जात नाही. तो दोष खोलीच्या मापाचा आहे.

हे घुमणं भिंतीजवळ सर्वांत जास्त आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये सर्वांत कमी असतं. सबवूफरलाही हाच नियम लागू होतो: भिंतीला टेकून ठेवला तर तो सूर पुरता उठतो, मधोमध ठेवला तर जवळपास उठत नाही. कोपरा म्हणजे दोन भिंती आणि जमीन एकत्र, तिथे तिन्ही सूर एकदम उठतात. ‘कोपऱ्यात ठेवा, बेस जास्त येतो’ हे त्यामुळेच खरं आहे, आणि त्यामुळेच छोट्या हॉलमध्ये कोपरा टाळायचा.

आता ‘दिशा नसते’ या दाव्याचं. साधारण 80 हर्ट्झच्या खाली कानाला दिशा नीट कळत नाही, इथवर बरोबर. पण अरुंद बारमधले इवलेसे स्पीकर इतके खाली पोचतच नाहीत. म्हणून पुष्कळ संचांत सबवूफरलाच 150 हर्ट्झपर्यंत, कधी त्याहूनही वर वाजावं लागतं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो. असा सबवूफर सोफ्याच्या मागे ठेवा, निम्मा निवेदक तुमच्या पाठीमागून बोलू लागेल. जितका बार बारीक, तितका सबवूफर टीव्हीच्या जवळ, हे पक्कं धरा.

म्हणून करायचं असं. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा. फोनवरून तबल्याचं एकलवादन लावा, ज्यात डग्ग्यावर मींड, म्हणजे तळहात घासून सूर वर-खाली सरकवणं, भरपूर आहे. मग स्वतः जमिनीवर बसून, डोकं सबवूफरच्या उंचीला आणून, भिंतीच्या कडेकडेने सरकत ऐका. आवाजाचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. जिथे डग्ग्याचा सूर वर-खाली होताना एकसारखा भरीव लागतो, ती जागा चांगली. जिथे एखादाच सूर ‘धुम्म’ करून उसळतो किंवा एखादा गायब होतो, ती सोडा. अशा दोन-तीन जागांवर खडूने खूण करा आणि प्लग पॉइंटच्या कागदाशी ताडून बघा. फोनवर डेसिबल मोजणारं ॲप वापरलंत तर फक्त या जागेची त्या जागेशी तुलना करा. फोनचा माइक खर्जात कच्चा असतो.

ठाण्याला मामांच्या घरी सबवूफर टीव्ही युनिटच्या कोपऱ्यात, बाल्कनीच्या दाराला लागून होता. ढोल वाजला की शोकेसची काच खडखडायची, मामी उठून तिला हात लावून थांबवायच्या. आम्ही तो बाल्कनीच्या बाजूच्या आखूड भिंतीला, दाराशेजारच्या पट्टीवर, टीव्ही आणि सोफा यांच्या बरोबर मधल्या अंतरावर आणला. दहा फुटांच्या मध्यावर म्हणजे 56 हर्ट्झचा सूर उठतच नाही अशी जागा. काच गप्प झाली, आणि डग्ग्याचे घुमारे पहिल्यांदा वेगवेगळे ऐकू आले. त्यांचा बार जाड, खालपर्यंत पोचणारा होता, म्हणून हे जमलं. बारीक बार असता तर मी सबवूफर टीव्हीच्या भिंतीलाच, पण मधल्या भागात, युनिटच्या शेजारी ठेवला असता आणि घुमणं लेव्हलने दाबलं असतं.

सोफ्याबद्दल उगाच आशा नको. तो फूटभर पुढे ओढला तर पुरुषी आवाजांचा घोगरेपणा थोडा कमी होतो, म्हणून जमलं तर ओढाच. पण 56 हर्ट्झच्या घुमण्यावर फूटभराने काही फरक पडत नाही. त्यासाठी अडीच फूट पुढे यावं लागेल, आणि मग जायला वाट उरणार नाही.

आणखी एक ताकीद: टीव्ही युनिटच्या कप्प्यात सबवूफर कोंबू नका. कप्प्याची फळी वाजू लागते आणि हवेचं भोक बंद होतं. भोक मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून चार-सहा इंच सोडा.

लेव्हल लावा

सबवूफरची लेव्हल अगदी तळाला नेऊन बातम्या लावा. पुरुष निवेदकाचा आवाज छातीतून आल्यासारखा वाटेपर्यंत एकेक पायरी वाढवा, तो सबवूफरच्या दिशेने येऊ लागला की दोन पायऱ्या मागे या. मग ढोलकीचं गाणं लावून पुन्हा एकदा पाहा. बारचं ‘बेस बूस्ट’ बंद ठेवा. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर बारच्या सेटिंगमध्ये ऑडिओ डिले असतो, तिथे दुरुस्त करा.

खालच्या मजल्यावर जाऊन ऐका

सबवूफरखाली जाड रबरी मॅट घाला. स्लॅबमधून जाणारी थरथर तिने कमी होते, हवेतून जाणारा खर्ज मात्र भिंत ओलांडतोच. म्हणून नेहमीच्या आवाजात सिनेमा लावून खालच्या घरी जा, त्यांच्या बेडरूममध्ये उभे राहून ऐका. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मध्ये निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते 6. रात्री 10 नंतर नाइट मोड लावा: मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात, संवाद उलट जास्त स्पष्ट कळतात.

खोकं आणि थर्माकोल परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. सबवूफरची चांगली जागा सापडलीच नाही, तर संच परत करून, सबवूफर आठ इंची असेल तर साडेसहा इंचीचा, नाहीतर वेगळा सबवूफर नसलेला जाड बार आणा.